रिपोर्ट आला, म्हणजे निकाल लागला?

लॅबचा रिपोर्ट आता दोन सेकंदांत मोबाइलवर येतो. कळायला मात्र दोन दिवस लागतात आणि तोवर घरात रडारड सुरू झालेली असते. तो रिपोर्ट साध्या माणसाला समजेल असं ॲप बनवायचं ठरलं, तर ते कसं दिसेल? पिशोरच्या एका ओट्यावर वहीच्या पानावर केलेला हा प्रयोग...

शुक्रवार, दुपारचे चार. वीकएण्डचे वेध लागलेत, मशीनच्या कॉफीचा तिसरा कप हातात आहे आणि फोन वाजतो. फॅमिली ग्रुपवर एक पीडीएफ पडलेली. खाली मामेभावाचा मेसेज, 'ताई, मम्मीचा रिपोर्ट आला. लवकर बघ.'

ओळखीचा सीन आहे ना? घरातलं जे कुणी शहरात नोकरी करतं, ते आपोआप अख्ख्या खानदानाचं डॉक्टर होतं. डिग्री कसलीही असो! माझी मास कम्युनिकेशनची आहे. तरी मी पीडीएफ उघडली. चौदा पानं, साठच्या वर आकडे, सगळं इंग्रजीत. त्यातले चार आकडे ठळक अक्षरांत.

मामाचं गाव पिशोर. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात. मका, कपाशी आणि अद्रकीचा भाग. मामीला महिनाभर दम लागत होता. वावरातून घरी येईपर्यंत दोनदा बसावं लागायचं. गावात तपासणी शिबिर लागलं, तेव्हा सुनेने आग्रह करून तिचं 'फुल बॉडी' पॅकेज करून घेतलं. त्याचाच हा रिपोर्ट.

मामेभावाने माझी वाट पाहिलीच नव्हती. ठळक अक्षरांतला एक आकडा त्याने गुगल केला. प्लेटलेट्स, १.४२ लाख. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय १.५ लाखांपासून पुढे. दिवस पावसाळ्याचे, गावात डेंग्यूची चर्चा. झालं! पाच वाजेपर्यंत शेजारून पपईची पानं आली, सहा वाजेपर्यंत शहरातल्या हॉस्पिटलात न्यायला गाडी ठरली, आणि सातला मामीने सुनेला शांतपणे सांगून टाकलं की पाटल्या कोणत्या पेटीत आहेत.

मी ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ताप आहे का? नव्हता. अंगावर लाल चट्टे, हिरड्यांतून रक्त? काहीच नव्हतं. 'मग आज रात्री कुठे नेऊ नका, उद्या सकाळी नीट दाखवा. पण त्यांचं हिमोग्लोबिन किती आहे, ते कुणी पाहिलं का?'

कुणीच पाहिलं नव्हतं. पहिल्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ९.१.

चार आकडे, एकच अक्षर

शनिवारी पहाटेची एसटी पकडली, कन्नडला उतरले आणि मामीला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चौदा पानं चाळायला फार तर दोन मिनिटं लावली. प्लेटलेट्सवर त्यांची नजर क्षणभर थांबली. म्हणाले, हा आकडा काठावरचा आहे, कधी कधी नळीत पेशींच्या गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं, परत तपासू. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि मामीला एकटीला काही विचारलं.

आत काय बोलणं झालं ते मामीने मला नंतर सांगितलं. आणि इथे लिहायची परवानगीही दिली, 'लिही, दुसऱ्या बायांला कामी येईन.' वर्षभर तिच्या पाळीत खूप रक्त जात होतं. वय झालं की असं होतंच, असं समजून ती गप्प होती. दमाचं कारण ते होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली, शरीरातला लोहाचा साठा बघायला फेरिटिनची तपासणी लिहिली आणि गोळ्या सुरू केल्या.

म्हणजे बघा, एकाच रिपोर्टात दोन उलट्या गोष्टी झाल्या. ज्या आकड्याने घाबरायचं कारण नव्हतं, त्याने घर डोक्यावर घेतलं. ज्या आकड्याकडे लक्ष द्यायला हवं होतं, तो 'बायकांचं रक्त कमीच असतं' म्हणून सोडून दिला गेला. रिपोर्टच्या दृष्टीने दोन्ही सारखेच होते. दोन्हींपुढे इंग्रजी 'एल'. लो. बस्स.

आणि 'बायकांचं कमीच असतं' हे चुकीचं आहे असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. निम्म्याहून जास्त! सगळ्यांचंच कमी असलं की ते दिसेनासं होतं, हाच तर घोटाळा आहे.

'नॉर्मल'चा फंडा

रिपोर्टवर आकड्याशेजारी जो 'नॉर्मल' पट्टा छापलेला असतो, तो येतो कुठून? साधारण फंडा असा. धडधाकट माणसांची तपासणी करायची, आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतील त्याला म्हणायचं नॉर्मल. उरलेले ५ टक्केही धडधाकटच असतात, पण त्यांचा आकडा पट्ट्याबाहेर पडतो.

आता गंमत बघा. एका तपासणीत ५ टक्के म्हणजे काहीच नाही. पण पॅकेजमध्ये वीस तपासण्या असतील, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर शंभर ठणठणीत माणसांपैकी फक्त ३६ जणांचा रिपोर्ट पूर्ण 'स्वच्छ' येईल. बाकी ६४ जणांच्या रिपोर्टवर किमान एक तरी ठळक अक्षर! कंपनीच्या वार्षिक चेकअपनंतर अख्खं ऑफिस एकमेकांना 'तुझं काय वाढलंय?' असं का विचारतं, ते कळलं ना?

सगळे पट्टे असेच बनत नाहीत, हेही खरं. साखरेचा तीन महिन्यांचा अंदाज देणारं एचबीएवनसी घ्या. त्याच्या रेषा डॉक्टरांच्या संघटनांनी धोका पाहून ठरवल्यात. ५.७ च्या खाली ठीक, ६.४ पर्यंत मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. मामीचा आकडा होता ५.९. तिने त्याच रात्री चहातली साखर बंद केली. पण शरीरात लोह कमी असलं की हा आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणजे पान नऊवरचा आकडा वाचायचा, तर पान एक आठवावं लागतं. रिपोर्ट काही तसं सांगत नाही.

एक रेघ आणि एक खूण

रविवारी सकाळी ओट्यावर बसून पुण्याच्या माझ्या कॉलेजच्या दोस्ताला व्हिडिओ कॉल लावला. तो ॲप्सचे स्क्रीन डिझाइन करतो. त्याला म्हटलं, हा रिपोर्ट मामीला समजेल असा करून दाखव. तो हसला, म्हणाला, 'लाल, पिवळा, हिरवा. दोन मिनिटांचं काम आहे.' काम पाच तास चाललं.

यावर जगात बराच विचार झालाय. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे ब्रायन झिकमंड-फिशर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं हाच प्रश्न तपासताहेत. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की तेच आकडे तक्त्याऐवजी आडव्या रेघेवर खूण करून दाखवले, तर 'थोडं बाहेर' आणि 'खूप बाहेर' यातला फरक लोकांना जास्त चांगला कळतो. २०१८ मध्ये त्यांनी त्याच रेघेवर आणखी एक खूण टाकली. इथपर्यंत बरेच डॉक्टर काळजी करत नाहीत, अशा अर्थाची. नॉर्मलच्या जवळ असलेल्या आकड्यांची भीती त्याने कमी झाली. तपासलेल्या आकड्यांत प्लेटलेट्सही होत्या!

मग आम्हीही भाच्याच्या वहीचं मधलं पान फाडलं. प्लेटलेट्ससाठी एक लांब रेघ ओढली. मामीची खूण नॉर्मलच्या अगदी कडेला आली. धोक्याची खूण त्याच्या कितीतरी डावीकडे. मामीने बोट ठेवून विचारलं, 'ही मी हाये का? मग एवढ्याशा अंतरासाठी गाडी काढत होते व्हय?'

रेघेने तीन सेकंदांत केलं, ते चौदा पानांना जमलं नव्हतं.

'मध्यम' म्हणजे बरं ना?

खरी मजा पुढे होती. हिमोग्लोबिनची रेघ ओढली. गरोदर नसलेल्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटनेची रेषा १२ ची. ८ ते १०.९ या गटाला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचं सरळ मराठी केलं आणि खाली लिहिलं, 'रक्ताची कमतरता : मध्यम'.

मामीने वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. 'मध्यम म्हणजे बरं ना? लई नाही, थोडं नाही.'

आम्ही गार! डॉक्टरांच्या भाषेत 'मध्यम' म्हणजे उपचार हवेत. मामीच्या भाषेत 'मध्यम' म्हणजे जमून आलेलं. वरणात मीठ मध्यम, तसं. खोडलं आणि लिहिलं, 'रक्त कमी आहे. औषध लागेल.'

मग शीर्षकाची पाळी. दोस्ताने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमच्या तपासणीचा निकाल'. मामेभाऊ फिस्सकन हसला. 'निकाल लागला' कशाला म्हणतात, ते पिशोरमध्ये आणि पुण्यातही सगळ्यांना ठाऊक आहे. खोडलं. 'अहवाल'? तो तर फक्त सरकारी कागदावर असतो. शेवटी मामी म्हणते तेच ठेवलं, 'तुमचा रिपोट'.

तीच गत 'पॉझिटिव्ह'ची. एरवी पॉझिटिव्ह असणं चांगलं, रिपोर्टवर वाईट. आणि तेही नेहमी नाही. टायफॉइडसाठी गावोगाव केली जाणारी विडाल तपासणी जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. प्लेटलेट्सचा आकडा एक लॅब १.४२ लाख लिहिते, दुसरी १४२, तिसरी १४२०००. तीन रिपोर्ट शेजारी ठेवले तर माणसाला वाटेल, प्लेटलेट्स लाखावरून शंभरावर आल्या!

बॉस, हे ट्रान्सलेशनचं काम नाही. इंग्रजी रिपोर्ट मराठीत टाइप करून दिला की झालं, असं वाटणाऱ्यांनी एकदा मामीसमोर बसावं.

गडचिरोलीचे मणी

हा प्रश्न महाराष्ट्रात एकाने फार आधी सोडवलाय. तोही मोबाइलशिवाय. गडचिरोलीत 'सर्च' संस्था उभारणारे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग न्यूमोनियाने जाणाऱ्या बाळांवर काम करत होते. न्यूमोनिया ओळखायची एक साधी खूण म्हणजे बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या बाळाला वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, तर धोका. पण गावातल्या दाईला इतकं सलग मोजता येत नसेल तर?

बंग दांपत्याने बनवला श्वासमापक. त्याची माहिती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक लहान बाळांसाठी, एक मोठ्या बाळांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनियाची शंका धरायची आणि उपचार सुरू करायचे.

यात काय काय नाही ते बघा. आकडा नाही. श्वसनसंस्थेची माहिती नाही. घाबरवणारा शब्द नाही. आहे ते फक्त एकच, आता करायचं काय. अंगणवाडीत बाळाचा दंड मोजायची पट्टी असते ना, ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, १२.५ पर्यंत पिवळी, पुढे हिरवी? तिचंही तेच. रंग बघायचा आणि पुढचं पाऊल उचलायचं.

आपली बहुतेक हेल्थ ॲप्स नेमकी उलटी असतात. हिमोग्लोबिनवर टॅप केलं की 'हे लाल पेशींमधलं प्रथिन आहे...' असा दहावीचा धडा उघडतो. मामीला प्रथिन नकोय. तिला हवंय, किती बाहेर आहे, किती घाई आहे, आणि कुणाकडे जायचं. तीन ओळी!

पण फोन कुणाचा?

संध्याकाळी वहीची पानं ओट्यावर पसरली होती आणि आम्ही भलतेच खूश होतो. तेव्हा मामीच्या सुनेने हळूच विचारलं, 'ताई, पाळीचं पण ह्याच्यात येईन का? रिपोट तर ह्यांच्या मोबाइलवर येतो.'

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अख्खा दिवस आम्ही मामीसाठी स्क्रीन बनवत होतो आणि मामीकडे फोनच नव्हता. रिपोर्ट मुलाच्या नंबरवर आला होता. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं होतं की स्वतः वापरता येईल असा फोन त्यांच्याकडे आहे. बाकीच्यांचा रिपोर्ट आधी नवरा वाचतो, मुलगा वाचतो, कधी शेजारचा वाचतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, म्हणून मामी बोलली. ॲपला माणसं बाहेर काढता येत नाहीत. मग आम्ही ठरवलं, खासगी प्रश्न स्क्रीनवर विचारायचेच नाहीत. शेवटी फक्त एक ओळ ठेवायची, 'डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे, असं सांगू शकता.' आणि ही ओळ मोठ्याने वाचून दाखवायची सोय नको!

रिपोर्ट पोचवायची यंत्रणा आज तयार आहे. केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, १४ आकडी 'आभा' नंबरला आपले रिपोर्ट जोडता येतात. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. कागद पोचतोय. तो माणसाला कळतो का, हा प्रश्न उरतोच.

मग चॅटबॉटलाच विचारू?

तुम्ही म्हणाल, एवढी वही कशाला फाडायची? फोटो काढा, चॅटजीपीटीला टाका. मीही टाकला. मराठी छान होतं. धीरही दिला. पण मी विचारलं तेवढंच सांगितलं. मी प्लेटलेट्स विचारल्या, त्याने प्लेटलेट्स सांगितल्या. मामीला एकटीला बसवून पाळीबद्दल विचारणं त्याच्या हातात नव्हतं. शिवाय ही उत्तरं कधी कधी ठाम आवाजात चुकतात. आपल्याकडे मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत स्पष्ट आहे, पेशंटला सल्ला देणं आणि औषध लिहिणं हे डॉक्टरचं काम, मशीनचं नाही. समजून घ्यायला मदत, एवढीच त्याची हद्द.

याचा अर्थ रिपोर्ट डॉक्टरांकडेच राहू द्यावा, असा मात्र अजिबात नाही. अमेरिकेत २०२१ पासून रिपोर्ट तयार झाला की पेशंटला लगेच दिसायला हवा, असा नियम आहे. २०२३ मध्ये तिथे ८१३९ लोकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. डॉक्टरांनी पाहण्याआधी रिपोर्ट आला तरी चालेल, पण लगेच हवा, असं जवळपास ९६ टक्के लोक म्हणाले. माहिती हवीच असते हो सगळ्यांना. मामीलाही हवी होती. तिला फक्त चौदा पानं नको होती.

आमचं ॲप अजून वहीतच आहे. दोस्त म्हणतो, करू कधीतरी. पण ती फाडलेली पानं मामीने फेकली नाहीत. गोळ्यांच्या डब्यात घडी करून ठेवलीत. प्लेटलेट्स दुसऱ्या वेळी १.६१ लाख आल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं. तो रिपोर्टही मामेभावाच्याच फोनवर आला, पण यावेळी फोन मामीने केला.

'ऐक, ती रेघ हाये ना आपली? त्याच्यावर मी पुढं सरकले. बारा अजून थोडं लांब हाये.'

मी म्हटलं, मामी, तुम्ही वाचलं कसं?

'वाचलं कुठं? पोराला आकडा विचारला आन् रेघेवर बोट ठेवलं.'

रिपोर्ट हातात आला की...

• ठळक अक्षर म्हणजे आजार नाही. आकडा पट्ट्यापासून किती लांब आहे ते आधी बघा.

• मागचा रिपोर्ट शेजारी ठेवा. आकडा कुठल्या दिशेने चाललाय, ते एकट्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. लॅब वेगळी असेल तर एकक आणि पट्टा तपासा.

• रिपोर्टपेक्षा माणसाकडे बघा. जोरात ताप, रक्तस्राव, छातीत दुखणं, धाप लागणं असेल तर आकडा कसाही असो, दवाखाना गाठा.

• ॲपवर किंवा चॅटबॉटवर रिपोर्ट टाकताना नाव, फोन नंबर, पत्ता झाका.

• आईला, मामीला, सासूबाईंना दवाखान्यात नेलंत, तर पाच मिनिटं तुम्ही बाहेर बसा.